अनोळखी पक्ष्याची ओळख कशी करून घ्यावी

शेतात एखादा अनोळखी पक्षी उतरला, म्हणजे शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हा पिकाचे नुकसान करणारा आहे किंवा कसे. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर बहुधा पक्ष्याकडे पाहून दिले जात नाही. ते नावावरून दिले जाते, आणि नाव पुष्कळदा चुकीचे असते. छातीवर आडवे पट्टे दिसले की शिक्रा, थव्याने उतरल्या की चिमण्या, रात्री ओरडले की घुबड, अशी ढोबळ विभागणी गावोगावी रूढ आहे. एकदा नाव पडले म्हणजे गोफण फिरते, गलोल ताणली जाते, क्वचित विष लावलेले दाणेही बांधावर पसरले जातात. त्यात मरतो तो पक्षी कित्येक वेळा शेतकऱ्याचा बिनपगारी गडी असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी की, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानपक्ष्यांची शिकार करणे, त्यांना पकडणे व त्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे हा सामान्यतः गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूचीच काढून टाकण्यात आली. तीत पूर्वी नोंदलेला कावळाही आता वाटेल त्याने वाटेल तेव्हा मारावा अशी मोकळीक राहिलेली नाही. पोपट पिंजऱ्यात पाळण्यासही मनाई आहे. तथापि गावात काम करणाऱ्यास कायदा वाचून दाखविण्यापेक्षा पक्षी दाखविणे अधिक उपयोगी पडते, असा अनुभव आहे. त्यासाठी शिवारात एक फेरी काढावी.

अशा फेरीस खर्च जवळजवळ नाही. सूर्योदयापासून पहिले दोन-अडीच तास सर्वांत चांगले. चालताना सूर्य शक्यतो पाठीशी ठेवावा; समोर असल्यास प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. कपडे भडक नसावेत. बरोबर एक वही व शिसपेन्सिल असावी, आणि मिळाल्यास आठ पट मोठे दाखविणारी साधी दुर्बीण. शाळेच्या मुलांना अवश्य न्यावे, कारण गलोल त्यांच्याच खिशात असते. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविलेला आहे; पहिल्या फेरीस तो मुहूर्त चांगला, कारण तोवर थंडीचे पाहुणे पक्षी बरेचसे येऊन पोहोचलेले असतात. मात्र पिकाच्या दृष्टीने खरे पाहावयाचे असेल तर पौष महिन्यात, म्हणजे ज्वारी हुरड्यावर असताना आणि हरभऱ्याला घाटे धरलेले असताना निघावे. पठारावरील एका कोरडवाहू गावी त्या दिवसांत निघालेल्या अशाच एका फेरीचा वृत्तांत पुढे दिला आहे.

फेरीत गावपातळीवरील कार्यकर्ता, पाच-सहा शेतकरी आणि चार मुले होती. एका मुलाजवळ गलोल होती. ती काढून घेण्यात आली नाही; परत गावात येईपर्यंत तिला हात लावावयाचा नाही, एवढेच ठरले. दुसरी अट सर्वांनाच घालण्यात आली. पक्षी दिसताच कोणी नाव उच्चारावयाचे नाही. प्रथम तो केवढा आहे, चोच कशी आहे, शेपूट कसे आहे, कोठे बसला आहे आणि काय करीत आहे, हे वहीत उतरवावयाचे. नाव सर्वांत शेवटी. ही अट वरवर पाहता पोरकट वाटते, परंतु सर्व गोष्ट तिच्यावरच अवलंबून आहे. मनात नाव आले की डोळे पाहण्याचे थांबतात व त्या नावाला साजेल तेवढेच त्यांना दिसू लागते.

मापासाठी फूटपट्टी लागत नाही. चिमणी, साळुंकी, पारवा, कावळा आणि घार ही पाच मापे प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेली असतात. अनोळखी पक्षी साळुंकीहून मोठा पण पारव्याहून लहान, असे लिहिले तरी अर्धे काम झाले. डॉ. सलीम अली यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी ग्रंथातही आकार अशाच परिचित पक्ष्यांच्या तुलनेने सांगितलेला आहे.

मापानंतर चोच. औत पाहिले म्हणजे शेतात कोणते काम चालले आहे हे शेतकऱ्यास विचारावे लागत नाही. चोचीचेही तसेच आहे. आखूड, जाड व मुळाशी रुंद चोच दाणे फोडण्यासाठी असते. बारीक व टोकदार चोच किडे टिपते. टोकाशी आकड्यासारखी वळलेली चोच मांस फाडते. पोपट हा याला अपवाद असून त्याची वाकडी चोच फळे व कणसे कुरतडण्यासाठी आहे. लांब व बाकदार चोच मातीत खुपसण्याकरिता. पक्ष्याचे नाव न कळताही तो काय खात असावा याचा अंदाज येथेच बांधता येतो, आणि शेतकऱ्यास हवे असते तेही हेच.

रंगावर मात्र फार विसंबू नये. एरवी पांढराशुभ्र असणारा गायबगळा विणीच्या दिवसांत डोक्यावर व मानेवर नारिंगी होतो आणि लोक त्यास निराळाच पक्षी समजतात. नीलपंख तारेवर बसलेला असता मातकट दिसतो. उडाला की पंखांतील निळाई एकदम प्रकट होते. कोकिळ पक्ष्यात तर नर काळा कुळकुळीत, आणि मादी तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची. आपल्या गीतांत व काव्यांत गोड गाते ती कोकिळा, पण वसंतात आंब्यावरून कुहूकुहू करतो तो खरे म्हणजे नर. ठिपक्यांची ती मादी हाती दिली तर पंचक्रोशीत तिला ओळखणारे थोडेच निघतील.

फेरी प्रथम ज्वारीच्या शेताकडे वळली. माळ्यावर राखणीस बसलेल्या वृद्ध शेतकऱ्याने दुरूनच सांगितले, की चिमण्यांनी उच्छाद मांडला आहे. अटीप्रमाणे वहीत चिमणी हा शब्द लिहिला गेला नाही. आकार चिमणीएवढा, चोच चिमणीहून जाड, शेपूट आखूड, पाठीवर गडद रेघा, भुवईवर फिकट पट्टा, आणि थवा घरांपासून दूर शेतातच वावरणारा, अशी नोंद झाली. ती सुगरण होती. पावसाळ्यात पिवळ्या टोपीमुळे नजरेत भरणारा सुगरणीचा नर थंडीत तो पोशाख उतरवतो व मादीसारखाच साधा होतो. त्याच थव्याच्या कडेला आणखी लहान, फिकट अंगाचे व निमुळत्या शेपटीचे पक्षी होते. त्या पांढऱ्या गळ्याच्या मुनिया.

तेव्हा या ठिकाणी नुकसान खरे होते. चूक होती ती नावाची. नाव बरोबर कळल्याने फरक पडतो तो असा. सुगरण दाणे खाते हे खरे, पण पावसाळ्यात पिलांना भरवते ते मुख्यतः नाकतोडे, अळ्या व इतर किडे. म्हणून विहिरीवरील बाभळीला लोंबणारी घरटी काठीने पाडून टाकणे हा या उपद्रवावरील उपाय नव्हे. दाणा दुधात आल्यापासून कापणीपर्यंतचे थोडे आठवडे राखण चोख ठेवणे हाच उपाय आहे. सकाळी उजाडताच आणि दिवस कलताना राखण अधिक हवी, कारण पक्ष्यांच्या जेवणाच्या वेळा त्याच असतात. चकाकणाऱ्या फिती बांधल्याने काही दिवस थवे बिचकतात, पुढे सरावतात. त्या अगदी ऐन वेळी बांधाव्या आणि त्यांच्या जागा बदलत राहाव्या. याच सुगरणीचा अभ्यास सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास आजच्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे केला आणि एकच नर एकापाठोपाठ अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार थाटतो, हे दाखवून दिले. गावातील मंडळींना या माहितीची मोठी मौज वाटली.

हरभऱ्याच्या शेतावर एक पक्षी आकाशात एकाच जागी पंख फडफडवीत उभा होता. बरोबरच्या एका बाईंनी घराच्या दिशेने हाक दिली, की घार आली आहे, पिले झाका. वहीतील नोंद अशी : कावळ्याहून थोडा लहान, खालून पांढरा, वरून राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे तांबडे, शेपूट टोकाशी दुभंगलेले नाही. घार याच्याहून बरीच मोठी, सबंध तपकिरी आणि शेपटीत खाच असलेली असते. एका जागी अशी उभी राहणे हा तिचा स्वभाव नाही. थोड्या वेळाने तो पक्षी पंख वर धरून टप्प्याटप्प्याने खाली उतरला आणि वर उठला तेव्हा त्याच्या पंजात उंदीर होता. तारेवर बसून त्याने तो खाल्ला, मधून मधून शेपूट खालीवर हलवीत. हा पक्षी म्हणजे कापशी घार. उंदीर हे तिचे मुख्य अन्न असून त्याखेरीज ती नाकतोडे व सरडे खाते. पिले झाकण्यासाठी धावलेल्या बाई परत आल्या व उंदीर संपेपर्यंत उभ्या राहून पाहत होत्या. ज्या शेतात उंदरांची बिळे आहेत तेथे ही घार उजाडताना व सांजवेळी हमखास दिसते. तिला बसण्यास एखादी उंच वाळकी फांदी राहू द्यावी.

विहिरीजवळच्या आमराईत शिरताना एक राखाडी पक्षी झाडांमधून खालून वेगाने गेला. चार-दोन वेळा पंख मारावे आणि मग पंख स्थिर ठेवून तरंगत जावे, अशी त्याची चाल होती. तो फांदीवर जाऊन बसताच सातभाई व बुलबुल यांनी एकच कल्ला केला. छातीवर व पोटावर तपकिरी आडवे पट्टे, शेपटीवर पट्टे, आकार पारव्याएवढा. अट विसरून बहुतेक सर्वांच्या तोंडून शिक्रा हे नाव निघाले, त्यात गावपातळीवरील कार्यकर्त्याचाही आवाज होता. ज्याच्या खिशात गलोल होती त्या मुलाचा हात खिशाकडे गेला. त्याच्या घरची दोन पिले त्याच आठवड्यात नाहीशी झाली होती.

माळ्यावरचे आबा फेरीबरोबर आले होते. "थांब. चोच बघ आधी," असे त्यांनी त्या मुलास सांगितले. मग दुर्बीण हातोहात फिरली. शिक्र्याची चोच आखूड असते आणि टोकाशी आकड्यासारखी वळते. हिची चोच बरीचशी सरळ होती, किंचित खाली झुकलेली. शिक्रा बसतो तो ताठ, आणि त्याचे पंजे जाड नख्यांचे व मजबूत असतात. हा पक्षी फांदीवर उतरल्यावर शेपूट उचलून दोन-तीनदा हलवून बसला, त्याची शरीराची ठेवण लांबट व काहीशी ढिली होती, आणि पाय बारीक होते. डोळ्याभोवती पिवळे कडे होते. काही वेळाने त्याने पानांतून एक केसाळ अळी उचलली, फांदीवर घासली, दाबली, आणि गिळली. शिक्रा अळीमागे वेळ घालवीत नाही. वहीत लिहिले गेले ते असे : शिक्र्यासारखा, चोच सरळ, केसाळ अळी खातो, आवाज नाही. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह.

नाव न कळल्याची त्या दिवशी काहींना रुखरुख लागली. तसे वाटण्याचे कारण नाही. सलीम अली यांच्या लहानपणची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि घरात कोणालाच ती ओळखता येईना. १९०८ च्या सुमारास ती घेऊन हा मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली आहे. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी चिमणी पाहून ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, कपाटे उघडून शेकडो पक्षी दाखविले, आणि मुलाचे आयुष्य त्या मार्गाला लागले. मिलार्ड यांनी चिमणी हातात घेऊन पाहिली नसती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. गावातील मुलाने वही पुढे केली असता ती वाचून पाहणे, एवढे तरी प्रत्येक कार्यकर्त्यास करता येईल.

शिक्र्याविषयी मात्र येथेच स्पष्ट करावयास हवे, की तो कोंबडीचे पिलू अधूनमधून उचलतो. सरडे, उंदीर, लहान पक्षी व मोठे किडे हा त्याचा नेहमीचा आहार असला तरी उघड्यावरचे पिलू तो सोडीत नाही. यावर उपाय डालग्याचा. पिले लहान असतील तेवढे आठवडे त्यांना डालग्याखाली किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवावे. शिक्रा मारून भागत नाही. एक मेला तर त्या जागी दुसरा येतो, आणि मारला जातो तो बहुधा शिक्रा नसतोच.

आमराईबाहेर ओलसर जमिनीवर एक तुरेवाला पक्षी लांब बाकदार चोच मातीत खुपसत चालला होता. त्यास सर्वांनी सुतार म्हटले. तो हुदहुद्या. सुतार झाडाच्या खोडाला नख्यांनी धरून चढतो व लाकूड टोकरतो. हुदहुद्या जमिनीवर चालतो आणि मातीतील अळ्या व कोष उकरून खातो.

गावाच्या कडेला पडका वाडा आहे. त्याच्या वळचणीला गव्हाणी घुबडांचे जोडपे राहते व त्यामुळे त्या बाजूस संध्याकाळनंतर कोणी फिरकत नाही. घुबड अशुभ मानले जाते. ते लक्ष्मीचे वाहन आहे याची आठवण त्या वेळी कोणास होत नाही. फेरी दिवसाची असल्याने मंडळी आत जाण्यास तयार झाली. पक्षी दिसले नाहीत, पण भिंतीखाली करड्या रंगाच्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या होत्या. ही विष्ठा नव्हे. घुबड भक्ष्य गिळते आणि न पचणारे केस व हाडे यांची गोळी करून तोंडावाटे टाकते. काडीने दोन गोळ्या फोडून पाहण्यात आल्या. आत उंदरांच्या कवट्या होत्या, पिवळसर पटाशीचे दात जसेच्या तसे होते. कार्यकर्त्याने त्या एका कागदावर मांडून चावडीत ठेवल्या. घुबडाविषयी व्याख्यान देण्याची गरज पडली नाही. दुपारपर्यंत निम्मे गाव कागद पाहून गेले. ज्या गावी घुबडाविषयी भीती आहे तेथे हा प्रयोग अवश्य करावा. गोळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. शेतात उंदरांसाठी विषारी आमिष ठेवले असल्यास मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत, कारण ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला तर त्यासही बाधा होते.

माळावर फेरीचा वेळ थोडाच गेला. तेथे एक लांब पंखांचा पक्षी गवताच्या शेंड्यांलगत, पंख किंचित वर धरून, सावकाश फेऱ्या घालीत होता. कमरेवर पांढरा पट्टा. यास भोवत्या म्हणतात. तो मध्य आशियाकडून थंडीपुरता येतो, रात्री माळावरील गवतातच जमिनीवर झोपतो आणि दिवसा नाकतोडे, उंदीर, सरडे व लहान पक्षी टिपतो. गवताळ माळ नांगरले गेले म्हणजे त्याची वस्तीची जागा जाते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ साली ज्या माळढोकासाठी अभयारण्य केले गेले, तो पक्षी आज महाराष्ट्रात दिसेनासा झाल्यासारखा आहे. माळावर मोरापेक्षा उंच पायांचा, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी असलेला भला मोठा पक्षी कोणास दिसलाच, तर त्याच्या मागे न लागता वनखात्यास त्वरित कळवावे.

परतीच्या वाटेवर ज्वारीत भोरड्यांचा थवा उतरला आणि शेतकऱ्यांचा संयम संपला. भोरडी ओळखण्यास सोपी आहे. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. मात्र पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या थव्यांत पिलावळ पुष्कळ असते, ती मातकट रंगाची व फिकट चोचीची असल्यामुळे निराळ्या जातीची वाटते. भोरड्या ज्वारी व बाजरी खातात आणि थवा मोठा असल्यास घास हिरावून नेतात, हे मान्यच केले पाहिजे. त्यांना निव्वळ मित्र म्हणून दाखविण्याचा प्रयत्न केल्यास शेतकरी पुढचे काही ऐकणार नाही. त्याचबरोबर टोळ व नाकतोडे हेही त्यांचे आवडते खाद्य आहे, आणि फाल्गुनात पळस व सावर फुलल्यावर मधासाठी येणारा हाच पक्षी त्या झाडांचे परागसिंचन करतो. येथे राखण करावी, थवा उठवावा, आणि तेवढ्यावर थांबावे.

भोरडीवरून बोलणे कोतवालावर आले. काळा, दुभागलेल्या लांब शेपटीचा कोतवाल गुरांच्या पाठीवर बसतो हे सर्वांस ठाऊक होते. तो हरभऱ्यात बसावा म्हणून काही करता येते, हे ठाऊक नव्हते. पिकाहून थोडे उंच, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे काठ्यांचे थांबे शेतात ठिकठिकाणी रोवले असता कोतवाल, साळुंकी व वेडा राघू त्यांवर येऊन बसतात. पैकी कोतवाल व साळुंकी घाटे अळी टिपतात. हरभरा पेरताना थोडी ज्वारी मिसळली तर तिची ताटेही याच कामी येतात. दाणा भरू लागलेल्या ज्वारीच्या कडेला मात्र असे थांबे ठेवू नयेत. तेथे भलतेच पाहुणे बसतात.

हल्ली बहुतेकांच्या हाती स्मार्ट फोन असतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने तयार केलेले मर्लिन हे ॲप विनामूल्य मिळते. ते छायाचित्रावरून किंवा आवाजावरून पक्ष्याचे संभाव्य नाव सुचविते. त्याचा उपयोग जरूर करावा, पण वहीतील नोंद झाल्यानंतर. ते सुचविते ते नाव अंदाजाचे असते, आणि चोच व सवयी जुळतात की नाही हे पाहणे आपल्याच हाती राहते. मराठी व प्रादेशिक नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश पाहावा. गावच्या बोलीत जे नाव असेल तेही वहीत उतरवून ठेवावे. अशी नावे वृद्धांबरोबर लयास जात आहेत. पक्षी जवळ यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवू नये, घरट्याजवळ तर मुळीच नाही.

दोन सूचना आणखी. पायात धातूचे कडे असलेला पक्षी आढळल्यास त्यास हेर वगैरे समजून मारू नये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांचे स्थलांतर समजण्यासाठी अशी कडी घालण्याचे मोठे काम केले. कड्यावरील अक्षरे व क्रमांक टिपून वनखात्यास किंवा त्या संस्थेस कळवावा. आणि एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसल्यास त्यांना हात लावू नये, कोंबड्यांना त्या बाजूस जाऊ देऊ नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास लगेच वर्दी द्यावी. २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रात बर्ड फ्लूची लागण झाली तेव्हा अशा वेळेवर दिलेल्या वर्दीचे महत्त्व दिसून आले.

त्या गावची वही शाळेत ठेवण्यात आली. आमराईतील पक्ष्याविषयी कार्यकर्त्याने पुस्तक पाहून प्रश्नचिन्हाजवळ शिसपेन्सिलीने एक नाव लिहून ठेवले होते, पण ते पक्के केले नव्हते. वैशाख संपता संपता त्याच आमराईतून हाक ऐकू येऊ लागली. तीच तीच हाक, दर वेळी अधिक चढत जाणारी, टिपेला पोचून एकाएकी तुटणारी, आणि काही वेळाने पुन्हा सुरू होणारी, चांदण्या रात्रीही. शेतकरी तिचा अर्थ पेरते व्हा असा लावतात. मुले वही घेऊन झाडाखाली गेली. वर पानांत तोच राखाडी पक्षी होता, पोटावर तेच पट्टे, डोळ्याभोवती तेच पिवळे कडे, सरळ चोच उघडलेली.

थंडीत पावशा गप्प असतो, म्हणून तो तेव्हा गावात नसतो असा समज आहे. त्याचे रूप व उडणे शिक्र्यासारखे असल्यामुळे लहान पक्षी त्यास बिचकतात आणि माणसेही फसतात. तो आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. इतर बहुतेक पक्षी ज्यांना तोंड लावीत नाहीत त्या केसाळ अळ्या हे त्याचे मुख्य अन्न आहे. हे सर्व कार्यकर्त्याने सांगितल्यावर आबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वही मागून घेतली व पौषातले पान काढावयास लावले. गलोलवाल्या मुलाने प्रश्नचिन्ह खोडून तेथे पावशा असे लिहिले आणि पुढे त्या दिवसाची तारीख घातली.